धामणीच्या धनुष्याच्या पाठीवर बकऱ्याचं कच्चं कातडं कसं चिकटवायचं

माझं पहिलं धनुष्य दोरी चोवीस इंच ओढल्यावर फुटलं. धामणीचं होतं, मावसभावाच्या शेताच्या बांधावरचं लाकूड, दीड वर्ष सावलीत वाळवलेलं. आणि फुटलं ते काही मधोमध नाही, वरच्या पात्यावर पाठीच्या बाजूला एक बारीकशी ढलपी उचलली गेली, टिक् असा आवाज आला, मी म्हटलं काही नाही, अजून थोडं ओढून बघू, आणि पुढच्या ओढीला ती ढलपी वीतभर सोलत गेली आणि काठी गेली. लाकूड वाईट नव्हतं, मीच पाठीवरून रंधा फिरवताना एके ठिकाणी धागे कापून ठेवले होते आणि मला ते कळलंही नव्हतं. त्यानंतर कातड्याच्या नादाला लागलो. दुसऱ्या धनुष्याला कातडं लावलं तेही बिघडवलं, वेगळ्या कारणाने, ते पुढे येईलच. तिसरं नीट झालं आणि अजून चालू आहे, तेव्हा जे काय शिकलो ते इथे लिहून ठेवतो.

आधी दोन शब्द. धनुष्य धरल्यावर जी बाजू समोर निशाण्याकडे असते ती पाठ आणि जी तुमच्या तोंडाकडे असते ते पोट. मुठीच्या वरचा आणि खालचा जो वाकणारा भाग, त्याला मी पातं म्हणतो. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. दाबाने लाकूड हळूहळू हार मानतं, बाक धरतं, फार तर पोटावर सुरकुत्या पडतात. ताणाने मात्र ते वेळ देत नाही, एकदम जातं, आणि सुरुवात बहुतेक वेळा जिथे धागे तुटलेत किंवा गाठ आहे तिथूनच होते. कच्चं कातडं तिथे एकच काम करतं, ढलपीचं टोक वर उचलू देत नाही. बस. त्याने बाण लांब जात नाही, उलट थोडं वजनच वाढतं. लोकांचा गोंधळ होतो कारण मोगल आणि मराठा काळात जी जोडकामाची धनुष्यं असायची, पोटाला शिंग, मध्ये लाकूड आणि पाठीवर जनावराच्या कंडरेचे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचे, धागे सरसात, म्हणजे कातडी उकळून केलेल्या गोंदात, बुडवून बसवलेले, त्यात ती कंडरा खरंच स्प्रिंगसारखी काम करते. कातडं म्हणजे ते नव्हे. कातडं म्हणजे हेल्मेट समजा, गाडी त्याने पळत नाही. आणि धनुष्याला आधीच आडवी चीर असेल तर त्यावर कातडं लावून झाकू नका, ते चिकटपट्टी लावून फुटका टायर चालवण्यासारखं आहे.

लाकूड कुठलंही असो, पद्धत तीच. मी धामण घेतो कारण ती आमच्याकडे सह्याद्रीच्या पट्ट्यात मिळते, चिवट असते, कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी तिच्याच करायचे, आणि संस्कृतात तर तिचं नावच धनुर्वृक्ष आहे. गावाकडच्यांनी धामणं खाल्ली असतील लहानपणी, तेच झाड. बांबूचा कमठा, म्हणजे बांबूचं धनुष्य असेल, भिल्लांचं असतं तसं, तर मात्र कातड्याच्या भानगडीत पडू नका. बांबूची बाहेरची साल हीच इतकी भारी पाठ आहे की तिच्यावर काही लावायची गरजच नाही, ती तासायची नाही एवढंच सांभाळायचं.

आता कातडं. कच्चं म्हणजे न कमावलेलं. चपलेचं, पट्ट्याचं, पर्सचं चामडं हे कमावलेलं असतं, मऊ असतं, ताणलं की लांबत जातं, ते इथे काही कामाचं नाही. कच्चं कातडं वाळलं की नखासारखं कडक होतं, बोटाने वाजवलं तर टकटक वाजतं, आणि पाण्यात टाकलं की पुन्हा लिबलिबीत. परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे हरणाचं कातडं वापरताना दिसतात, तिकडे ते चालतं, आपल्याकडे चितळ-सांबराचं कातडं नुसतं घरात ठेवणंसुद्धा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसणारा गुन्हा आहे, तेव्हा कोणी जुनं ठेवलेलं देतो म्हणाला तरी घेऊ नका. म्हशीचं फार जाड. बकऱ्याचं मस्त, पातळ, एकसारखं, अर्धा मिलिमीटर जाडी असली की पुरे.

मिळतं कुठे, तर ढोल, हलगी, तबला करणाऱ्यांकडे. पुण्यात ढोलाचं पान बदलून देणाऱ्यांकडे केस काढलेली, ताणून वाळवलेली बकऱ्याची कातडी तयार असतात, त्यांना सांगायचं पातळ द्या, कोरं द्या, वर लेप किंवा तेल न लावलेलं. फुटलेलं जुनं पान फुकट मिळतं म्हणून मोह होतो पण त्याला काय काय चोपडलेलं असतं देव जाणे, तेलकट कातड्याला कुठलाच गोंद धरत नाही. आणि गणपतीच्या आधीचा दीड महिना तिकडे जाऊ नका, त्या माणसाला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि तुम्ही धनुष्याच्या गोष्टी सांगत उभे राहिलात तर तो तुमच्याकडे बघेल तेसुद्धा मोठं. मी एकदा हे केलंय. कुत्र्यांना चघळायला जी कातड्याची हाडं मिळतात ती भिजवून उलगडूनही काही लोक पट्ट्या काढतात, होतं ते, पण जाडी कुठे दोन मिलिमीटर तर कुठे अर्धा, आणि घासत बसायची ताकद असेल तरच.

खाटकाकडून ओलं कातडं आणून सगळं स्वतः करायचं असेल तर तेही जमतं, फक्त घरच्यांना विचारून करा. मांसाच्या बाजूची चरबी बोथट सुरीने खरवडून काढायची, मग भिजवलेल्या चुन्याच्या पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत तीन-चार दिवस ठेवायचं, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, केस चिमटीत सहज निघायला लागले की बाहेर काढून पाइपवर टाकून खरवडायचं. हातमोजे घाला, चुना कातडी खातो, तुमचीही. नंतर पाणी बदलत बदलत दिवसभर धुवायचं, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, म्हणजे राहिलेला चुना मरतो, आणि मग चौकटीवर दोरीने ताणून सावलीत वाळवायचं. वास येतो. सोसायटीत राहत असाल तर ढोलवालाच बरा.

पट्ट्या कापताना पाठीच्या कण्याची रेघ शोधा, वाळलेल्या कातड्यात ती थोडी गडद दिसते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लागून, तिला समांतर अशा दोन पट्ट्या काढायच्या, पोटाकडचं कातडं पातळ आणि ढिलं असतं ते सोडून द्या. साडेपाच फुटी धनुष्याला एक अख्खी पट्टी बकऱ्यातून निघतच नाही, त्यामुळे दोन पट्ट्या आणि जोड मुठीवर. मूठ वाकत नाही, वरून चामडं गुंडाळलं जातं, जोड दिसतही नाही. रुंदी धनुष्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे पाव-पाव इंच जास्त, लांबी टोकाच्या पुढे दोन इंच जास्त. काटकसर करू नका, ओलं कातडं लांबीला ओढलं की रुंदीला आकसतं, आणि कडा लाकडापेक्षा आखूड पडली की काही इलाज नाही. कात्री पुरते, पेन्सिलने मांसाची बाजू कुठली ते लिहून ठेवा, भिजल्यावर दोन्ही बाजू सारख्याच वाटायला लागतात. मांसाची खरखरीत बाजू लाकडाकडे, केसांची गुळगुळीत वर.

गोंदावर भांडणं होतात, माझं मत सांगतो. जुना उपाय म्हणजे सरस, तो स्वतःच कातडी उकळून केलेला असतो त्यामुळे कातड्याशी त्याचं जमतं असं जमतं की विचारू नका. रंगाच्या जुन्या दुकानात दाणे मिळतात. एक भाग दाणे दोन भाग थंड पाणी वजनाने, चार-पाच तास भिजवायचे, फुगले की भांड्यात भांडं ठेवून साठ डिग्रीपर्यंत गरम करायचे. उकळायचे नाहीत, उकळला की सरसाचा दम जातो. त्रास एवढाच की तो गार होताना झटकन गोठतो, दोन-चार मिनिटांत जेली, त्यामुळे लाकूड आधी उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावं लागतं आणि दुसरा माणूस मदतीला लागतो. आणि पावसाळी हवेत तो ओल धरतो. म्हणून मी आता सरळ सुताराचा पांढरा गोंद वापरतो, फेविकॉलचा पाण्याला टिकणारा मरीन प्रकार, दहा-पंधरा मिनिटं आरामात मिळतात. अराल्डाइट नको, इपॉक्सीला ओलावा चालत नाही आणि आपलं कातडं ओलंच असणार. चपलेला लावतात ते रबरी पिवळं सोल्युशन तर अजिबात नको, ते कायम थोडं लवचीक राहतं आणि कातडं सरकत राहतं.

धनुष्य कुठल्या टप्प्यावर असावं? दोन्ही पाती सारखी वाकायला लागलीत, म्हणजे लांब दोरी लावून दहा-बारा इंच ओढून बघितलं आणि दोन्हीकडे सारखा बाक दिसतोय, पण पूर्ण ओढ अजून एकदाही घेतलेली नाही, असा तो टप्पा. पोटावर थोडं जास्तीचं लाकूड शिल्लक हवं कारण शेवटची सारवासारव कातडं वाळल्यावरच होणार. टोकाच्या खाचा अजून पाडू नका.

पाठ साफ करताना नवीन धागे कापायचे नाहीत, हेच लक्षात ठेवा. काचेच्या तुकड्याने किंवा हॅकसॉच्या पात्याने हलकं खरवडायचं, कडा गोल करायच्या, बोट फिरवलं तर कुठे टोचायला नको, टोकदार कडेवरून कातडं वळवलं की तिथेच पोकळी राहते. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, लांबीच्या दिशेनेच, आडवा घासाल तर आडवे ओरखडे म्हणजे तुम्हीच केलेल्या चिरा. शेवटी ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, नखाचं रंग काढायचं चालतं असं म्हणणारे असतात पण त्यात बऱ्याचदा तेल घातलेलं असतं, हार्डवेअरच्या दुकानातून साधं आणा. पुसल्यावर पाठीला हात लावायचा नाही. आपल्या हाताला केवढं तेल असतं, त्यात सकाळी शेंगदाण्याची चटणी खाल्लेली असते.

आता धनुष्य वजनकाट्यावर ठेवा. किचनचा डिजिटल काटा चालतो, वर आडवं ठेवायला एक वाटी ठेवून काटा शून्य करा. आकडा भिंतीवर लिहा. माझं होतं ५६२ ग्रॅम. हे का, ते पुढे सांगतो, पण हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पट्ट्या भांडी घासायच्या लिक्विडच्या दोन थेंबांच्या पाण्यात चोळून धुवा, चरबीचा अंश असेल तो जातो, मग साध्या पाण्यात भिजत ठेवा. पाणी साधं किंवा जेमतेम कोमट. लवकर व्हावं म्हणून गरम पाणी घ्याल तर कातडं आखडून गोळा होतं, साठ डिग्रीच्या पुढे तर ते शिजायलाच लागतं आणि तुमच्या हातात पायाचं सूप. पातळ कातडं अर्ध्या तासात तयार होतं. बाहेर काढून निथळवा, दोन बोटांत धरून पाणी निपटा आणि मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो, थेंब टपकणारं कातडं तसंच लावलं. ते पाणी जाणार कुठे? गोंद पातळ करणार आणि उरलेलं लाकडात शिरणार. कातडं दमट हवं, लवचीक हवं, पण दाबलं तर पाणी दिसायला नको.

लावायचा दिवस. सगळं आधी मांडून ठेवा: गोंद वाटीत ओतलेला, एक इंची ब्रश, चमचा, ओलं फडकं, मेडिकलमधून आणलेली चार इंची क्रेप बँडेजची दोन रोल, कागदाला लावायचे ते काळे क्लिप डझनभर. धनुष्य पाठ वर करून मुठीपाशी व्हाइसमध्ये धरा, व्हाइस नसेल तर दोन खुर्च्यांच्या पाठींवर बांधा. लाकडावर गोंदाचा एकसारखा थर, कोरडी जागा कुठे नको. कातड्याच्या मांसाच्या बाजूलाही गोंद आणि तो बोटाने चोळून आत जिरवायचा. मग पट्टीचं टोक मुठीच्या मध्यावर ठेवून तिथे घट्ट दाबायचं आणि टोकाकडे जात जात पसरवायची, दोन्ही अंगठ्यांनी मधून कडेकडे दाबत, म्हणजे हवा आणि जादा गोंद बाजूने बाहेर येतो. लांबीला हलकं ओढायचं, सुरकुती जाईल इतकंच. जोर लावून ताणलं तर वाटतं वा काय मस्त बसलंय, आणि वाळताना ते परत मागे जातं, टोकाला सुटतं. ते आपोआपच आकसणार आहे, तुम्ही मदत करायची गरज नाही.

एक पट्टी बसली की चमच्याच्या पाठीने मुठीपासून टोकापर्यंत घासून काढा, गोंद कडेला येईल तो फडक्याने पुसा, कडा खाली वळवून लाकडाच्या बाजूंवर चिकटवा. दुसरी पट्टी तशीच उलट्या दिशेला. मुठीवर जोड करताना एकावर एक अर्धा-पाऊण इंच चढवायची, आधी दोन्ही टोकं सुरीने तासून पातळ केलेली असली तर उंचवटा येत नाही. मग क्रेप बँडेज मुठीपासून टोकाकडे गुंडाळत जायचं, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर, ताण घोट्याला लचक भरल्यावर बांधतो तेवढाच किंवा थोडा जास्त. सायकलच्या ट्यूबची पट्टी जास्त घट्ट बसते आणि मी दुसऱ्या धनुष्याला तीच वापरली होती, पण रबरातून पाणी बाहेर जात नाही, कातडं आत तसंच ओलं उकडत राहतं. बँडेज श्वास घेतं. त्याची वीण कातड्यावर उमटते खरी, नंतर घासून निघते, मला तर ती आवडतेच, एका टोकाला तशीच ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वीस-चोवीस तासांत, बँडेज उलगडायचं. जास्त ठेवलंत तर गोंदात चिकटून बसेल. कडा कुठे सुटलेली दिसली तर थोडा गोंद आत सारून क्लिप लावा, क्लिपच्या खाली प्लास्टिकचा तुकडा ठेवा कारण ओल्या कातड्यावर लोखंडाचे काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

आणि आता खरं काम, थांबणं. चिकटवायला मला चाळीस मिनिटं लागली होती, वाळायला चौदा दिवस. माझं दुसरं धनुष्य मी तिसऱ्या दिवशी वाकवलं होतं. वरून कातडं एकदम खणखणीत वाजत होतं, मला वाटलं झालं. पण कातड्यातलं आणि गोंदातलं पाणी दोन्ही वाटांनी जातं, थोडं हवेत आणि थोडं खाली लाकडात, आणि दीड वर्ष वाळवलेलं लाकूड ते आनंदाने पितं. ओलं लाकूड तुटत नाही, ते वाकतं आणि वाकलेलंच राहतं. दोरी काढली तर दोन्ही टोकं दोन-अडीच इंच पोटाकडे वळलेली, तो बाक गेला नाही तो नाहीच गेला, बाण नुसता पडायचा पुढे जाऊन. ते आता माझ्या भाच्याकडे आहे, दसऱ्याला ते हातात घेऊन तो राम होतो.

म्हणून वजनकाटा. तिसऱ्या धनुष्याचे आकडे भिंतीवर अजून आहेत: आधी ५६२ ग्रॅम, कातडं-गोंद लावून झाल्या झाल्या ६७२, बँडेज काढलं तेव्हा ६५५, पाचव्या दिवशी ६२९, नवव्या दिवशी ६२१, बाराव्या दिवशी ६१९ आणि चौदाव्या दिवशीही ६१९. तीन दिवस आकडा हलला नाही की समजायचं आतलं पाणी गेलं. वाजवून बघणं, नख लावून बघणं, गालाला लावून बघणं, हे सगळं फसवं, काटा फसवत नाही. हे पुण्याच्या नोव्हेंबरमधले आकडे आहेत. जुलैत करायला गेलात तर महिनाभर लागेल आणि कोकणात असाल तर जुलैत हा विषयच काढू नका, दिवाळीनंतर बघू म्हणा. उन्हात ठेवायचं नाही, हीटरपुढे नाही, एका बाजूने पटकन आकसून कडा उचलतात. सावलीत, पंख्याखाली, आडवं, दोन खिळ्यांवर. वाळताना पातळ कातडं धनुष्याला किंचित उलटं ओढतं असं काही जण म्हणतात, माझ्याकडे तसं जेमतेम दिसलं, त्याच्यावर हिशोब मांडू नका.

वाळल्यावर कडांचं जादा कातडं धारदार कटरने कापा, लाकडापासून बाहेरच्या दिशेने, आणि उरलेलं बारीक कानशीने. कडा पोटाकडे उतरती करा, काटकोनात ठेवली तर कपड्याला अडकून उचकटते. मग १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर पूर्ण पाठीवर. टोकाकडच्या सात-आठ इंचांत जास्त घासून कातडं निम्मं पातळ करा, कारण धनुष्याचं टोक सगळ्यात जास्त वेगाने पळतं आणि तिथला एकेक ग्रॅम बाणाच्या वेगातून वसूल होतो, मुठीपाशी तुम्ही पाव किलो ठेवलं तरी बाणाला पत्ता लागत नाही. कुठे फुगा राहिलाय का ते नखाने टिचकी मारत मारत शोधा, पोकळ जागी आवाज बदलतो, बद्द वाजतं. तिथे ब्लेडने लांबीच्या दिशेने बारीक चीर देऊन इंजेक्शनच्या सिरिंजने गोंद आत सोडा, वर प्लास्टिक आणि क्लिप, एक दिवस. कडेची बारीक फट फेवीक्विकनेही भागते.

मग खाचा पाडा, गोल कानशीने, आणि खाचेच्या लगेच खाली अर्धा इंच जाड सुती दोरा गोंदात भिजवून गुंडाळा. कातडं सुटायला सुरुवात करतं ते टोकालाच, हा दोरा त्याची वाट अडवतो.

आता धनुष्याला पुन्हा वाकायला शिकवायचं, पहिल्यापासून. कातडं चढल्यावर ते थोडं ताठ लागतं आणि एक पातं दुसऱ्यापेक्षा जास्त ताठ लागू शकतं, पट्ट्यांची जाडी सारखी नसते म्हणून. लांब दोरी, भिंतीवर रेघा, दहा इंच ओढून वीस-तीस वेळा, बघा कुठलं पातं मागे राहतंय, तिथे पोटाकडून खरवडा, पुन्हा वीस-तीस वेळा, मग दोन इंच पुढे. पाठीकडून आता एक केसही काढायचा नाही. ठरवलेलं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, माझ्यासाठी पस्तीस पाउंड, ते ज्या ओढीला येईल त्याच्या पलीकडे कधीच ओढायचं नाही, मग ओढ कितीही कमी असो, तिथे थांबून लाकूड काढायचं. टिक् आवाज आला तर त्या क्षणी थांबा. कातडं असलं की ढलपी दिसत नाही हा त्याचा एक तोटाच आहे, डोळ्याचं काम कानाने करावं लागतं. मला अठरा इंचांवर एक टिक् ऐकू आला होता, जीव गेला, पण ती मुठीवरची गोंदाची पापडी निघाली. आणि बाण न लावता दोरी सोडायची नाही, मित्रांना हातात द्यायच्या आधी हे वाक्य त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

शेवटचं पुन्हा पाणीच. कच्चं कातडं हवेतली ओल ओढतं आणि सोडतं, पावसाळ्यात मऊ पडतं, उन्हाळ्यात करकरतं. ते बंद करायचं. मी चपड्याचं पॉलिश वापरतो, स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, सुतार लोक फ्रेंच पॉलिश म्हणतात ते, आठ हात, पातळ पातळ, प्रत्येक दोन हातांमध्ये तासभर. पाठीवर तर लावायचंच पण कडांवर, टोकांवर आणि पोटाच्या लाकडावरही, नाहीतर ओल मागच्या दाराने येते. फक्त कडा विसरलात तर पहिल्याच पावसात कडा उचलतील. ज्यांना भिजतच नेमबाजी करायची आहे त्यांनी पॉलीयुरेथेन मारावं, टिकतं, पण चकचकीत प्लास्टिक दिसतं. आपल्याकडच्या हवेने धनुष्यांना नेहमीच छळलंय, पोलादी धनुष्यंसुद्धा हिंदुस्थानात केली जायची, ती उगाच नाही.

वापरून झालं की दोरी उतरवायची आणि धनुष्य आडवं दोन खुंट्यांवर ठेवायचं, उंच. उंच का तर उंदीर. कच्चं कातडं हे त्यांच्या दृष्टीने खाऊ आहे, पॉलिशच्या आत असलं तरी, आणि झुरळंही कडा कुरतडतात. घरात कुत्रा असेल तर तो सगळ्यांच्या आधी. माझ्या जादा कापून ठेवलेल्या दोन पट्ट्या, पुढच्या धनुष्यासाठी नीट मापून कापलेल्या, शेजारच्यांच्या लॅब्रेडॉरने एका दुपारी फस्त केल्या आणि त्याला काही झालं नाही. मला मात्र परत ढोलवाल्याकडे जावं लागलं, ऑगस्टमध्ये.